मुंजाची आंघोळ

आखाडा बाळापूर,
६ नोव्हेंबर १९४१

दादा,

दोन बायका घरात असताना सोळा महिन्यांच्या लेकराला एवढी इजा कशी झाली, कोणाचे डोळे कुठे होते, असे तू विचारतोस. याचे उत्तर मला देता येत नाही. नमस्कार वगैरे राहू दे. तूही तुझ्या पत्रात ते केलेले नाहीत.

आधी मुंजा कसा आहे ते सांगते. बरा आहे. सूज उतरली आहे, लघवी मोकळी होते, फक्त होताना अजून कण्हतो. आधी टाकलेल्या कार्डावर हे सारे लिहिणे शक्य नव्हते. आपल्या टपालवाल्याला वाचायची किती हौस आहे ते तुला माहीत आहे.

घडले ते असे. सत्तावीस तारखेला सकाळी आंघोळीच्या वेळी त्याच्या लघवीच्या जागेची पुढची कातडी मागे ओढली गेली आणि परत पुढे येईना. पाहता पाहता मागे अडकलेली कातडी सुजून वळ्यासारखी झाली. पोर निळे पडेपर्यंत रडले. कळमनुरीला न्यायला बैलगाडी जुंपायच्या आत गावातल्या एका जाणत्या माणसाने ती पूर्ववत केली. तेव्हापासून मुंजाला नुसत्या पाण्याची आंघोळ आहे, साबण बंद आहे.

मुंजाला जन्मल्यापासून बनाबाई न्हाऊ घालते, हे तुला ठाऊक आहे.

वहिनींना सातवा महिना आहे. त्यांना या दिवसांत त्रास नको, म्हणून तुझ्या पत्रातला संतापाचा मजकूर मी त्यांना वाचून दाखवला नाही. "शिकलेले माणूस घरात असून ही तऱ्हा" असे तू लिहिलेस. शिकलेले माणूस या घरात एकच आहे, आणि बापाची मेंढरे विकून तिला पुण्याला शिक्षिकेच्या वर्गाला पाठवायचे तूच ठरवले होतेस. तेव्हा ते वाक्य पुन्हा लिहिण्याआधी दोनदा विचार कर.

भागीरथी


आखाडा बाळापूर,
२४ नोव्हेंबर १९४१

दादा,

मला न विचारता तू पाटलांना पत्र घातलेस. सिकंदराबादेत रेल्वेच्या कचेरीत बसून गावच्या एका म्हाताऱ्या बाईचे पोट तुला एका आण्याच्या तिकिटात कापता आले. पाटलांनी बनाबाईला चावडीवर बोलावून चार माणसांसमोर सांगितले की आजपासून कोणत्याही बाळंतिणीच्या घराची पायरी चढायची नाही. चाळीस वर्षे या गावातली पोरे जिच्या हातांवर आली, तिला हे ऐकवायला वेळ लागला तो पान जमवून तोंडात घालण्याइतका.

हे मी ऐकलेले लिहिते आहे. मी तिथे नव्हते.

तिला काढून टाक, असे मी कुठेही लिहिले नव्हते. माझे पत्र काढून पुन्हा वाच.

तो जाणता माणूस कोण, हे तू तीनदा विचारलेस. दस्तगीर. वेशीजवळचा हजाम, ज्याच्याकडून तू मॅट्रिक होईपर्यंत डोके भादरून घेत होतास. आता कपाळाला आठ्या घाल आणि पुढे वाच.

तो आला, ओसरीवर बसला, राखेने हात घासून घासून धुतले. मुंजाला वहिनींच्या मांडीवर द्यायला सांगितले. मला म्हणाला, "बाई, तुमी जरा उधर बैठो. बच्चा तुमारे कू देख के ज्यादा रोता." मी उंबऱ्याआड बसले. त्याने गार पाण्याची घडी ठेवली, मग थोडे गोडे तेल लावले आणि सुजलेल्या जागी बोटांनी नुसता हलका दाब देत राहिला. भिंतीवरच्या घड्याळात वीस मिनिटे झाली. एवढ्या वेळात त्याने एकदाही काही ओढले नाही. तोंडाने मुंजाशी त्याचे बोलणे चालूच होते, "अरे मेरे राजा, अरे मेरे पाटील, तेरी शादी में मैच आऊंगा तेरी दाढी करने कू." दाबून दाबून सूज ओसरली तशी कातडी आपसूक पुढे सरकली. पोराने तिथेच लघवी केली, ती थेट दस्तगीरच्या सदऱ्यावर. तो हसला. "हौ, अब सब बराबर," म्हणाला.

उठताना त्याने फक्त एवढेच सांगितले, "अब इसकू कोई हात नक्को लगाओ."

आम्ही लावत नाही.

भागीरथी


आखाडा बाळापूर,
१६ डिसेंबर १९४१

दादा,

"हजामाच्या हाती मुलगा दिलाच कसा? त्याने काही कापले तर नाही ना? उद्या या मुलाला कोणी कोणत्या धर्माचा म्हणून विचारले तर मी काय दाखवू?" हे तुझे शब्द आहेत. बापाची पहिली काळजी ही. पोराला दुखते का, हे शेवटच्या ओळीत, तेही तार महाग असल्यासारखे दोन शब्दांत.

त्याने कापले नाही. कापायला सांगितलेही नाही. उलट काय सांगितले ते ऐक. मी मुद्दाम त्याच्या घरी जाऊन विचारून आले आहे. हो, घरी. त्याची बायको फातिमाबी जोंधळे पाखडत होती. मी कशासाठी आले ते ऐकून तिने सूप खाली ठेवले आणि म्हणाली, "पूने कू जाके पढी, और ये पूछने हमारे घर आयी?" मी म्हटले, हो. मग तिने बसायला घोंगडी टाकली.

दस्तगीर म्हणाला, "बाई, आमी सुन्नत करतो तवा पैलं ते चिकटलेलं सोडवावं लागतं. बोथट सलाई आत फिरवून. पाच-सात वर्साचं पोरगं, खातं-पितं, खेळतं, काय बी रोग न्हाई, तरी चिकटलेलंच. तीस वर्सं देखतोय. बीमारी असती तर गावातल्या सगळ्या पोरांना असती का?"

मी विचारले, "मग ते सुटते कधी?"

"अपने आप. किसी का तीन साल में, किसी का दस में, किसी का मूंछ फूटने तक. ज्याचं त्याचं. आमचा रिवाज आमच्यासाठी. आमी एक बार कापून मोकळे. तुमचे लोक कापत न्हाईत, तर मग रोज हात कायकू लावता? या तो काटो, या तो छोडो."

मी म्हटले, "पण आत पांढरे कण साचतात. घाण."

"वो मैल नही. छूटता तो ऐसाच निकलता. निकलेगा तो पानी से धो देने का. अंदर जाके ढूंढने का नही."

माझ्या पुण्याच्या आरोग्याच्या वहीत या पांढऱ्या कणांपुढे "मळ" असे लिहिलेले आहे आणि त्याखाली सात रोगांची नावे आहेत. लघवी करताना कातडी क्षणभर फुगते, त्यापुढे "दोष" असे लिहिलेले आहे. मी दस्तगीरला तेही विचारले. तो म्हणाला, फुगून धार मोकळी निघत असेल, पोरगं रडत नसेल, तर काही नाही. अडली, सुजली, ताप आला, तर दवाखाना. माझ्या बाईंनी हे आम्हांला फळ्यावर आकृती काढून शिकवले होते. आकृती मोठ्या माणसाची होती, दादा. हे मला आता दिसते.

तू लिहितोस की तुमच्या रेल्वेच्या डॉक्टरांचे मत वेगळे आहे. रोज मागे ओढून साबणाने धुतलेच पाहिजे, गावठी बाईने ते अडाणीपणे केले म्हणून असे झाले, आता मी, शिकलेल्या व्यक्तीने, ते काम हाती घ्यावे. तुझ्या डॉक्टरांना नमस्कार सांग. मी ते काम हाती घेणार नाही.

बनाबाई सध्या पाटलांच्या रानात कापूस वेचते. तिची पाठ वाकलेलीच होती, त्यामुळे ती वेचताना वेगळी दिसत नाही. वेचणाऱ्या पोरी तिला हाका मारतात, "बनामावशी, बोंडाला बी न्हाऊ घालती काय?" ती हसण्यावारी नेते.

या पत्रावर तू पाटलांना पुन्हा काही लिहू नकोस. एवढे तरी ऐक.

भागीरथी


आखाडा बाळापूर,
९ जानेवारी १९४२

हे पत्र वहिनी सांगत आहेत. शब्द त्यांचे आहेत. मी एकही बदलणार नाही, अशी त्यांनी मला मुंजाची शपथ घातली आहे.

"मुंजाच्या बापाला सिंधूचा नमस्कार. तुमाला माहीत हाय, मला लिवता येत न्हाई. आजवर तुमाला जे गेलं ते ताईनं लिवलेलं गेलं. म्या म्हनायची, खुशाली कळवा, आन् त्या अर्धा घंटा लिवायच्या. म्या म्हनायची, बया, खुशालीच्या मानानं लई लांब व्हतंय.

"काल पाटलीनबाई पान्यावर भेटली. म्हनली, बनाबाईनं तुह्या पोराची लई खराबी केली, बरं झालं तिला हाकलली. म्या म्हनलं, कोन म्हनतं? म्हनली, तुह्याच मालकाचं पत्र हाय, चावडीत वाचलं. मला तर ताईनं सांगितलं व्हतं, हजामाला घरात आनला म्हनून पाटील चिडले. म्या घरी आले, घागर ठिवली, ताईला पुसलं, तुमी काय लिवलं व्हतं? म्या म्हनलं, आता माहं पत्र लिवा.

"बनाबाईनं पोराला तिथं हात लावला न्हाई. एक बार न्हाई. ती तेल लावायची, ऊन पानी टाकायची, आन् मग ताई साबन आन् कापूस घिऊन बसायच्या. महिन्याचं लेकरू व्हतं तवापासून. बनाबाई म्हनायची, ताई, झाकलेलं हाय ते झाकलेलंच राहू द्या, कच्चं बोंड नखानं फोडल्यावर कापूस निघतो काय? ताई म्हनायच्या, तू शिकलीस का मी शिकले? मग बनाबाई भाहीर अंगनात जाऊन उभी राहायची, कानात पदर कोंबून. लेकरू वरडायचं. कधी कधी रगत यायचं. ताई म्हनायच्या, थोडे दिवस दुखेल, मग जन्माचं सुख. म्या मांडीवर धरून बसायची. ते माहं चुकलं. म्या धरलं. तुमच्या घरात सगळ्यायनी सांगितलं व्हतं ना, ताई म्हनतील तसं करायचं.

"आन् त्या दिशी दस्तगीरला बलवायला कोन गेलं? ताई तर भिताडाला टेकून बसल्या व्हत्या. बनाबाई पळत गेली. साठ वर्साची बाई, पायात काय न्हाई, डोईवर पदर न्हाई. तिला तुमी चावडीत उभी केली.

"आता माहं दुसरं येऊन राहिलं. ह्या खेपंला ताईनं न्हानीत पाऊल टाकायचं न्हाई. बनाबाई येनार असंल तर हितं बाळंत व्हईन, न्हाई तर माह्या मायकडं सेनगावला जाते. तुमी काहून एवढा राग करता, घरी या आन् पोराकडं बगा. बास. लिवा, सिंधू."

इथवर वहिनी. अंगठा त्यांचा आहे. खाली मी.

दादा, त्यांनी सांगितले ते सगळे खरे आहे. रक्त आल्याचे मी माझ्या वहीत तारखांसह लिहिले आहे आणि पुढे "प्रगती" असे लिहिले आहे. तीन वेळा.

मी तुला खोटे लिहिले नव्हते. मुंजाला बनाबाई न्हाऊ घालते, हे वाक्य खरे होते. म्हणूनच मी ते लिहिले. त्याच्यापुढे तू काय समजशील ते मला पक्के ठाऊक होते. तू समजलास, आणि मी तुला तसे समजू दिले. तू तिला शिक्षा केलीस तेव्हा मी तुझ्यावरच चिडले, कारण चिडायला तेवढीच जागा शिल्लक होती.

मात्र तुलाही मी सोडणार नाही. तीन पत्रे तू मला लिहिलीस, पाटलांना एक लिहिलेस. बायकोला एकही लिहिले नाहीस. तू एका ओळीत वहिनींना "तू सांग, काय झाले" असे विचारले असतेस, तर मला ते वाचून दाखवावे लागले असते आणि त्यांनी त्याच दिवशी सांगितले असते. घरातली बाई काही पाहते हे तुला सुचलेच नाही. मलाही सुचले नव्हते. आपण दोघे एकाच आईचे.

भागीरथी


आखाडा बाळापूर,
१५ फेब्रुवारी १९४२

दादा,

तार मिळालीच असेल. तीन तारखेला वहिनींना मुलगा झाला. इथेच, आपल्या घरी, बनाबाईच्या हातावर. दोघे सुखरूप आहेत.

ती आली कशी, ते सांगते. वहिनींचे पत्र टाकले त्याच दुपारी मी पाटलांच्या रानात गेले. बनाबाई सरीत बसून वेचत होती. मी तिच्यासमोर उभी राहून सगळे सांगितले. काय लिहिले, कसे लिहिले, कशासाठी. तिने न थांबता कापूस ओटीत टाकत ऐकून घेतले. मग म्हणाली, "मला काहून सांगता ताई? मला ठावं हाय ना. ज्यायला ठावं न्हाई त्यायला जाऊन सांगा."

म्हणून मी चावडीवर गेले. आपल्या घरातली बाई चावडी चढली, हे तुला कोणीतरी कळवेलच, म्हणून मीच कळवते. पाटील, कुलकर्णी आणि आणखी पाच-सहाजण होते. मी उभ्याने सांगितले की लेकराला इजा मी केली, बनाबाईने मला पंधरा महिने अडवले, आणि माझ्या भावाचे पत्र माझ्या पत्रावरून लिहिले गेले. मग पाटील म्हणाले, "मंग बाई, शिकलेल्या मानसानं चूक केली तर ती कोन्त्या कलमात बसते? आमाला तर अंगठेवाल्यायचीच कलमं ठावी हायेत." सगळे हसले. हसून झाल्यावर त्यांनी निरोप देणाऱ्या तराळाला बंदी उठल्याचे सांगायला बनाबाईकडे पाठवले. मला हसू आले नाही, पण ते हसले ते योग्यच होते.

आता तुझे पत्र. वहिनींच्या चार पानांना तू चार ओळींत उत्तर दिलेस, तेही मला. "चूक तुझ्या हाताची होती, शास्त्राची नव्हे. तुला नीट जमले नाही एवढेच. इथल्या दवाखान्यात शिकलेली नर्स आहे, ती दहा मिनिटांत शिकवील. धाकट्याला पहिल्या महिन्यापासून नियमाने केले तर चिकटणारच नाही, आणि मुंजाचे डॉक्टर पाहतील, लागले तर कापतील. सोबत फॅमिली पास आहे, अठ्ठावीसपर्यंत चालतो. सिंधूला आणि दोन्ही मुलांना घेऊन ये."

मुंजाला कापण्याच्या नावाने तू डिसेंबरात पेटला होतास. दस्तगीरच्या वस्तऱ्याला धर्म आहे, तुझ्या डॉक्टरांच्या सुरीला नाही, असे दिसते.

आणि ती पहिली ओळ. चूक हाताची, शास्त्राची नव्हे. दादा, बनाबाई रडकुंडीला यायची तेव्हा मी तिला हेच सांगायची. तुझा जीव तुटतो म्हणून शास्त्र बदलत नाही, असेही एकदा म्हणाले होते. मी ते पाठ करून आले होते. तूही ते माझ्याकडूनच घेतलेस. मे महिन्याच्या रजेत ओसरीवर बसून मी तुला माझ्या वहीतून वाचून दाखवले, आणि तू मान डोलावत म्हणालास, पैसे फुकट गेले नाहीत. तुला ते वाक्य खरे ठरायला हवे आहे, कारण त्यात मेंढरांचा अख्खा कळप आहे. मलाही हवे होते.

गावात सात घरी मी हे शिकवले होते. गेल्या आठ दिवसांत त्या सातही घरी जाऊन आले. नुसत्या पाण्याने वरून धुवा, आत बोट घालू नका, ओढू नका, ते आपले आपण सुटते. पुढे पोराला स्वतःला मागे घेता येऊ लागले की त्याला सांगा, पाण्याने धू आणि परत पुढे आण. एवढेच. चार घरी हसल्या. "ताई, तुमी सांगितलं आन् आमी हो म्हनलं. केलं कोनी?" ग्यानबाच्या बायकोने तर मला चहा पाजला आणि म्हणाली, "तुमाला वाईट वाटू ने म्हनून तुमाला सांगनाऱ्या नंदेसमोर दोन रोज साबन लावला, तो बी पोराच्या लंगोटाला." दोन घरी केले होते, पण पोर रडले तसे सोडले होते. सातव्या घरी धनसिंगच्या आईने मला दारातच उभी केली. तिच्या नातवाला मी स्वतः करून दाखवले होते. ती म्हणाली, "तुही पदवी भाहीर काढून ठिव आन् मंग आत ये." मी आत गेले नाही. पोर अंगणात होते. बरे दिसत होते. विचारायचा धीर झाला नाही.

तेव्हा सातांपैकी चार बायकांना माझे न ऐकण्याइतकी अक्कल होती. आपल्या घरात माझे ऐकणाऱ्या दोघी होत्या, वहिनी आणि मी, आणि एक पुरुष.

पास माझ्याकडे आहे. वहिनींना तुझे पत्र अक्षरशः वाचून दाखवले. आता असेच करते. काय करायचे ते ठरले की कळवीन.

भागीरथी


आखाडा बाळापूर,
१ मार्च १९४२

दादा,

तुझ्या दोन तारा मिळाल्या. "कधी निघता" आणि "ताबडतोब निघा". तारवाल्याने दुसरी देताना विचारले, साहेबांची तब्येत बरी आहे ना? मी हो म्हटले.

आधी मुलांचे. धाकट्याची आंघोळ रोज बनाबाई करते. तेल, ऊन पाणी, धुरी. तिथे वरून पाणी पडते तेवढेच, आणि तो पाय झाडत झोपून जातो. मुंजा शेजारी तांब्या घेऊन बसतो आणि भावाच्या पोटावर पाणी टाकतो. मुंजाच्या कातडीला जिथे चिरा पडल्या होत्या तिथे पांढरा वण आहे. तो राहील की जाईल ते मला माहीत नाही. दस्तगीरही सांगू शकत नाही. धार मोकळी आहे, दुखत नाही, गेल्या दोन महिन्यांत एकदाही सूज नाही. काही अडले तर मी स्वतः त्याला दवाखान्यात नेईन, आणि तिथे आधी काय केले गेले, कोणी केले, ते सगळे सांगेन. लपवणार नाही.

मी न्हाणीत जात नाही. वहिनींची अट होती तशीच आहे. मुंजा माझ्याकडे आता जेवायला येतो, मांडीवर बसतो. पण माझ्या हातात कापूस दिसला, वातीचा का होईना, की उठून वहिनींमागे जातो. त्याला बोलता येत नाही, म्हणून मी त्याची समजूत घालू शकत नाही. वाती वहिनी वळतात.

पासचे मी एकटीने ठरवले नाही. मागच्या रविवारी वहिनी, बनाबाई आणि मी बसलो. मी तुझी बाजू मांडली. खरेच मांडली, जितकी मला मांडता येते तितकी. मोठा दवाखाना, शिकलेला डॉक्टर, बापाची इच्छा. बनाबाई म्हणाली, हे ठरवणे घरच्यांचे काम. वहिनींनी एकच विचारले, "तिथं गेल्यावर मुंजाचे बाप म्हनले, धर लेकराला, तर मला न्हाई म्हनता येईल का? हितं सासरी कोनाला न्हाई म्हनता आलं न्हाई, तिथं परमुलखात?" मी म्हटले, नाही येणार. त्या म्हणाल्या, "मंग म्या जात न्हाई."

तू त्यांचा नवरा आहेस, पोरांचा बाप आहेस, आणि या घरात तुझ्या शब्दाबाहेर कोणी गेलेले नाही. तू चिडशील. मला पैसे पाठवणे बंद करशील. करच. कळमनुरीच्या मुलींच्या शाळेत मी परवापासून शिकवायला जाते, त्या पगारात चौघांचे भागेल. तुला मुलांना पाहायचे असेल तर इथे ये. बनाबाई धाकट्याला न्हाऊ घालताना वहिनी तुला न्हाणीत बसवतील, आणि तू हात मांडीवर ठेवून बसशील.

निघायची शेवटची तारीख काल होती. तिच्या आधी हे पत्र टाकले असते तर तू स्वतः येऊन त्यांना गाडीत बसवले असतेस. म्हणून मी आज टाकत आहे. पास सोबत परत पाठवला आहे. तो आता कोणाच्याही कामाचा नाही.

भागीरथी